कॅल्शियमची बाटली

सुरुवातीलाच माफी मागतो. आजाराबद्दल लिहिण्याचा अधिकार ज्याला आजार झाला त्याचा असतो. तो मला नव्हता, माझ्या आईला होता, आणि तिनं तो दहा वर्षं कुणालाही कळू दिला नाही. जे तिनं एवढं जपलं ते मी लिहून टाकतो आहे. हे बरोबर की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शिवाय मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे सलग चार पानं मी कधी लिहिलेली नाहीत. तरी लिहितो, कारण ज्या घरात अशी एखादी बाटली डब्यामागे लपवलेली असेल, त्या घरातल्या कुणीतरी हे वाचावं असं वाटतं. नावं बदलली आहेत. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेतला एप्रिल महिना होता. गुरुवारी सकाळी माझ्या मोबाईलवर आईचा रिपोर्ट आला. ती भिंतीला टेकून पोतं शिवत बसली होती. अंगात ताप होता, तरी हात थांबत नव्हते.

"काय आलं रं?" तिनं विचारलं.

"पॉझिटिव्ह."

तिनं सुई पोत्यात तशीच खोचून ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कशाचा?"

"कोरोनाचा, आई. दुसरं कशाचं असणार?"

"व्हय, तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

तिनं "कशाचा" असं का विचारलं ते मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. आमच्या घरात त्या वेळी असं सगळं होतं, म्हणून थोडं मागं जाऊन सांगावं लागेल.

आम्ही मूळचे लातूरकडचे. मी चौथीत असताना वडील वारले. टीबी झाला होता, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. त्यानंतर आई मला घेऊन पुण्यात आली आणि मार्केट यार्डात बारदान शिवायच्या कामाला लागली. बारदान म्हणजे रिकामी पोती. फाटलेली पोती शिवून पुन्हा कांद्या-बटाट्याला वापरतात, आणि ते काम बहुतेक बायकाच करतात. यार्डाच्या मागच्या वस्तीत आम्हाला एक खोली मिळाली. पुण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी आई मला एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेली आणि माझं रक्त तपासायला दिलं. शाळेला लागतं, असं तिनं सांगितलं. काही दिवसांनी ती एकटीच जाऊन आली आणि येताना पेढे घेऊन आली. त्या दिवशी सण नव्हता, कुणाचा वाढदिवस नव्हता. तिनं सगळ्या गल्लीला पेढे वाटले आणि कारण विचारणाऱ्याला "असंच" म्हणून सांगितलं.

ते पेढे कशाचे होते हे मला अकरावीत कळलं. तांदळाच्या डब्यामागे आई एक पांढरी बाटली ठेवायची. "कॅल्शियमच्या गोळ्या हायत, हाडं दुखत्यात," असं म्हणायची. बाटलीवरचं लेबल ती ब्लेडनं खरवडून काढायची. एकदा तिच्याकडून ते राहून गेलं असावं. मी तांदूळ काढताना बाटली हाताला लागली आणि लेबलावर तीन औषधांची लांबलचक नावं दिसली. घरातलं सगळं वाचायचं काम माझंच होतं, लाइटबिल, रेशनचा मेसेज, औषधांची पाकिटं. मी सवयीनं मोबाईलमध्ये ती नावं टाकून पाहिली. तिन्ही औषधं एचआयव्हीची होती.

मी बाटली होती तशी, लेबल मागं करून ठेवली. संध्याकाळी आई आली तेव्हा मी नेहमीसारखा अभ्यासाला बसलो होतो. बोलावं असं वाटलं होतं, पण काय बोलणार? तिला लाज वाटेल असं वाटलं. तिनं एवढी वर्षं जे झाकून ठेवलं, ते झाकलेलंच राहू देणं हेच मुलाचं काम आहे, असं मी ठरवलं. नंतर मी तांदूळ काढायचा झाला तरी तिला सांगून काढायला लागलो, म्हणजे तिला आधी बाटली हलवता येईल.

आता त्या आठवड्याकडे येतो.

रविवारी तापाची सुरुवात झाली. सोमवारीही आई कामावर जाऊन आली. आमच्या शेजारी शोभामावशी राहतात, त्याही यार्डात पोती शिवतात. त्या आईला रागावल्या.

"गयाबाई, ताप असला की घरी बसायचं असतंय. पोती काय पळून जात्यात का?"

"पोती न्हाई जात, मुकादम जातो," आई म्हणाली. "त्याला दुसरी बाई घावली म्हंजे मी काय तुझ्या दारात बसू?"

"बस की. चहा पाजीन. पर खोकू नको माझ्या तोंडावर."

मंगळवारी आम्ही तिघं स्वॅब द्यायला गेलो. शोभामावशींचंही अंग दुखत होतं. एका शाळेच्या पटांगणात रांग होती. टेबलावर बसलेल्या बाई फॉर्म भरून घेत होत्या. चेहऱ्यावर मास्क, त्यावर प्लॅस्टिकचं शील्ड, शिवाय मागं जनरेटर चालू, त्यामुळे त्या मोठ्यानं बोलायच्या आणि समोरच्यालाही मोठ्यानं बोलायला लावायच्या. फॉर्मवर सहव्याधी असा एक रकाना होता. सहव्याधी म्हणजे आधीपासून असलेला दुसरा आजार.

"शुगर आहे? बीपी? दमा, टीबी, किडनी, हार्ट, एचआयव्ही, कॅन्सर?" हजेरी घ्यावी तसं त्यांनी एका दमात म्हटलं.

शोभामावशी आमच्या अगदी मागं उभ्या होत्या. त्यांच्या मागं आमच्या गल्लीतलीच आणखी दोन माणसं होती. आई खाली बघत होती. तिनं तोंड उघडलं की नाही ते मला आठवत नाही. मी खूपदा आठवून पाहिलं आहे. मास्क असल्यामुळे दिसलंच नसेल. मी तिच्या आधी बोललो.

"काही नाही," मी म्हणालो.

"नक्की ना? नंतर आमच्यावर येतं," बाई म्हणाल्या.

"नक्की."

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तेव्हा मला वाटलं, तिला सुटल्यासारखं झालं. मला स्वतःला तर झालंच होतं.

माझा आणि शोभामावशींचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आईचा पॉझिटिव्ह. शुक्रवारी सकाळी तिचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, अठ्ठ्याऐंशीवर आलं. गल्लीत सगळ्यांत मिळून एकच ऑक्सिमीटर होता. तो खराब असेल म्हणून मी आधी माझ्या बोटाला लावून पाहिला. माझं अठ्ठ्याण्णव दाखवलं.

बेड मिळायला दुपार झाली. त्या दिवसांत बेड मिळणं म्हणजे काय होतं ते पुण्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दाराशी असलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही आजार?" मी पुन्हा "नाही" म्हणालो. या वेळी मागं ओळखीचं कुणी नव्हतं. पण फॉर्मवर आधीच "नाही" लिहिलेलं होतं, आणि आता वेगळं सांगितलं तर बेड जाईल अशी भीती वाटली. एचआयव्ही असलेल्यांना परत पाठवतात असं कुणीतरी कुठंतरी म्हटलेलं मी ऐकलं होतं. ते खरं आहे का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. उपचार नाकारणं कायद्यानंच चालत नाही हे मला फार नंतर कळलं.

आई व्हीलचेअरवर होती, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. आत नेण्याआधी तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "डब्यामागची कॅल्शियमची बाटली दे पाठवून," एवढंच म्हणाली.

मी घरी जाऊन बाटली आणली. लेबल खरवडलेलं होतं. टॉवेल, साडी, चार्जर, बिस्किटं आणि टॉवेलात गुंडाळून ती बाटली, असं सगळं पिशवीत भरलं. पिशवीवर मार्करनं नाव आणि बेड नंबर लिहायचा आणि गेटवर द्यायची, अशी तिथली पद्धत होती. गेटवरच्या मामांनी पिशवी उघडली आणि बाटली बाहेर काढली.

"ह्याच्यावर नाव न्हाई, गाव न्हाई. कसल्या गोळ्या?"

"कॅल्शियमच्या."

"मग घरी खा. डॉक्टरनी लिहून दिल्याबिगर आत गोळी जात न्हाई. परवा एकानं तंबाखू पाठवली होती खोकल्याचं औषध म्हणून."

बाटली माझ्या हातात परत आली. ती चार दिवस माझ्या पँटच्या खिशात होती.

हे चार दिवस मला सगळ्यात जास्त लिहायचे आहेत आणि ते लिहिणंच सगळ्यात अवघड जातं आहे. बाहेर मांडवात नातेवाइकांसाठी एक टेबल होतं, त्यावर माईक. पेशंटचं नाव पुकारलं की पुढं जाऊन बोलायचं, आणि मागं शंभर माणसं ऐकत. शनिवारी मी पुढं गेलो आणि म्हणालो, "मॅडम, माझ्या आईबद्दल जरा बाजूला सांगायचं होतं."

"इथं प्रत्येकाची आईच आहे आत," मॅडम म्हणाल्या. "आणि बाजू शिल्लक राहिलेली नाही. बोला."

मी म्हणालो, "ती जेवली का?"

"जेवल्या. पुढचं नाव."

रविवारीही असंच झालं. सोमवारी मी रांगेत उभाच राहिलो नाही. मांडवाच्या कडेला, झाडाखाली बसून राहिलो. लोकांची भीती वाटत होती हे खरं, पण खरी अडचण ती नव्हती. डॉक्टरांना सांगितलं की डॉक्टर आईशी बोलणार. मग आईला कळणार की मला माहीत आहे. ती आत एकटी, तोंडाला मास्क, आणि त्यात तिला हे कळणार. ते मला नको होतं.

आईकडे तिचा साधा फोन होता. दुपारी ती मला फोन करायची. दोन-तीन वाक्यं बोलली की धाप लागायची.

"बाळू, ती बाटली न्हाई आली रं."

"गेटवर दिली आहे, आई. देतील."

"बरं." मग ऑक्सिजनच्या आवाजातून म्हणाली, "न्हाई दिली तरी चालंल म्हणा. कॅल्शियमच हाय."

तिलाही सांगता येत नव्हतं आणि मलाही विचारता येत नव्हतं.

रोज चारच्या सुमाराला वॉर्डातून डॉक्टरांचा फोन यायचा. बहुधा एकच डॉक्टर बोलायच्या, तरुण असाव्यात. मला त्यांचा चेहरा कधीच दिसला नाही. मंगळवारी त्या म्हणाल्या, "आईंचा ऑक्सिजन वाढवावा लागला आहे. आज मोठ्या मास्कवर ठेवलंय. एक विचारू का? त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट्स फारच कमी आहेत. लिम्फोसाइट्स म्हणजे शरीराचा बचाव करणाऱ्या पेशी. कोविडमध्ये कमी होतात, पण एवढ्या नाही. आधी काही आजार होता का?"

मी झाडाखालून उठून गर्दीपासून लांब, पार्किंगपर्यंत चालत गेलो. त्या फोनवर थांबून राहिल्या. मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "बालाजी, हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मी रागावत नाहीये. पण हवं होतं."

त्यानंतर त्यांनी मला जे समजावलं ते मी इथं जमेल तसं लिहितो, कारण ते इतरांना उपयोगी पडेल. एचआयव्ही असलेल्या माणसाला कोविडमध्ये मृत्यूचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असल्याचं दिसतं. पण सगळ्यांना सारखा नसतो. एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, ज्यांनी नियमित घेतल्या आहेत, ज्यांचा सीडी फोर चांगला आहे, त्यांचा धोका बराच कमी होतो. सीडी फोर म्हणजे त्या बचाव करणाऱ्या पेशींपैकी एका प्रकारच्या पेशींची संख्या. गोळ्यांत खंड पडला, ही संख्या फार खाली गेली, किंवा सोबत टीबी असला, की धोका वाढतो. त्या म्हणाल्या, "आता मी त्यांच्या गोळ्या आजच सुरू करते. सीडी फोर पाठवते. टीबीची तपासणीही करते. हे आधी कळलं असतं तर आधी केलं असतं, एवढंच."

"तिला सांगू नका," मी म्हणालो.

"काय सांगू नको?"

"मी सांगितलं म्हणून. तुम्हाला रक्तातून कळलं असं सांगा."

"त्यांना माहीत नाही तुम्हाला माहीत आहे ते?"

"नाही."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बाटली गेटवर द्या, मी माणूस पाठवते."

बुधवारी एका सिस्टरनी स्वतःच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. आईच्या तोंडावर मोठा मास्क होता, केस कुणीतरी नीट बांधून दिले होते. ती मास्क जरा बाजूला करून बोलली. सिस्टर मागून "मास्क काढू नका, आजी" म्हणत होत्या. आई तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

"मिळाली गोळी," ती म्हणाली. "इथल्यांनीच दिली."

"कॅल्शियमची?" मी विचारलं.

"व्हय. कॅल्शियमची."

त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं. आई, मला माहीत आहे, मला काही वाटत नाही, एवढी दोनच वाक्यं होती. मी म्हणालो, "बरं झालं. खात जा नीट." ती म्हणाली, "तू बी." मग सिस्टरना दुसरीकडे जायचं होतं.

गुरुवारी जरा बरं वाटतंय असा निरोप आला. शुक्रवारी सीडी फोरचा रिपोर्ट आला. "फार खाली आहे," डॉक्टर म्हणाल्या. कोविडमुळेही तो खाली जातो, त्यामुळे त्यावरून सगळं ठरवता येणार नाही असंही म्हणाल्या. शनिवारी बायपॅप लावलं. हे एक मशीन असतं, ते दाब देऊन हवा आत ढकलतं. रविवारी तिला बोलता येत नव्हतं. शोभामावशींनी मला बळेबळे घरी नेऊन भाकरी खायला घातली. "रांगेत तू उभा ऱ्हायलास म्हणून तिला बेड तरी मिळाला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं पोरगं एवढं करत न्हाई." मी मान खाली घालून जेवलो.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला मांडवात आईचं नाव पुकारलं. माईकवर नाही, कुणीतरी टेबलापाशी उभं राहून, साध्या आवाजात. त्यावरूनच कळलं.

अंत्यसंस्काराबद्दल मी लिहिणार नाही. मला लांब उभं केलं होतं आणि फारसं काही दिसलं नाही.

दोन आठवड्यांनी मी धीर करून त्या डॉक्टरांना फोन केला. आभार मानायचे होते, आणि एक विचारायचं होतं. "ते चार दिवस गोळी मिळाली नाही, त्यानं झालं का?"

"चार दिवसांत सीडी फोर एवढा खाली जात नाही," त्या म्हणाल्या. "त्या आल्या तेव्हाच प्रतिकारशक्ती कमी असणार. का, ते मला माहीत नाही. ज्यांना काहीच आजार नव्हता असेही आम्ही त्या आठवड्यात खूप गमावले. स्वतःला एवढं लावून घेऊ नका."

माझं समाधान करायला त्या असं म्हणत आहेत असं मला वाटलं. पुढची तीन वर्षं मी त्या चार दिवसांचा गुन्हेगार म्हणूनच जगलो. अभ्यास केला, बीएस्सी झालो, आता एमएस्सीला आहे. शोभामावशींकडे जेवतो, त्यांच्या मुलीची शिकवणी घेतो. पण रस्त्यानं जाताना कुठं माईकचा आवाज आला तरी मला तो मांडव आठवतो.

कुणाला उपयोग व्हावा म्हणून मला जे सांगायचं आहे ते इथंच सांगतो. रुग्णालयात गेलात तर हा आजार पहिल्या प्रश्नालाच सांगा. मोठ्यानं सांगता येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. मला ही साधी गोष्ट सुचली नाही. गोळ्यांची बाटली लेबलासकट जवळ ठेवा. आणि घरातल्या माणसानं सांगितलेलं नसलं, पण तुम्हाला कळलेलं असलं, तर तुम्हीच आधी बोला. ते बोलतील म्हणून थांबू नका. त्या डॉक्टरांचा, केस बांधून देणाऱ्या सिस्टरचा आणि शोभामावशींचा मी ऋणी आहे. शोभामावशींना मी गेल्या वर्षी सगळं सांगितलं. त्यांनी पोतं शिवता शिवता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी काय तिला टाकून देणार होते?"

इथं हे लिखाण संपायला हवं होतं. पण गेल्या महिन्यात आम्ही राहत होतो ती खोली सोडायची वेळ आली. पत्र्याच्या पेटीच्या तळाला कागदाखाली एक हिरवी वही सापडली. एआरटी केंद्रातून प्रत्येक पेशंटला अशी एक वही मिळते. पुढची तारीख, वजन, दिलेल्या गोळ्या, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ती परत करावी असं वाटलं. खरं तर तिथं जाऊन काहीतरी विचारावं असंही वाटत होतं, काय ते नक्की ठाऊक नव्हतं.

केंद्रातल्या समुपदेशक, म्हणजे पेशंटशी बोलून धीर आणि माहिती देणाऱ्या बाई, वयस्क होत्या. आधी त्यांनी काहीच सांगितलं नाही. मृत्यूचा दाखला पाहिला, माझं ओळखपत्र पाहिलं, मग दार लावून घेतलं. "गयाबाई," त्या म्हणाल्या. "त्या आल्या नाहीत म्हणून मी फोन केला होता. तुम्हीच उचलला होता वाटतं. मला पुढं काही बोलता येत नव्हतं."

मी त्यांना विचारलं, "आईच्या गोळ्या नियमित होत्या ना?"

त्यांनी रजिस्टर काढलं. ताप यायच्या तीन आठवडे आधी आई शेवटची येऊन गेली होती. त्या दिवशी तिचं व्हायरल लोडसाठी रक्त घेतलं होतं. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचं मोजमाप. आधीची सगळी वर्षं तो जवळजवळ शून्य होता. हा रिपोर्ट ती गेल्यानंतर आला. तो खूप वाढलेला होता.

"बाटल्यांत गोळ्या उरत होत्या," बाई म्हणाल्या. "लॉकडाऊन लागल्यापासून. मी विचारलं तर आधी सांगेनात. मग म्हणाल्या, सकाळी आठची वेळ आहे आणि मुलगा घरीच असतो. आधी तुम्ही पावणेसातला कॉलेजला जायचात, मागं त्या निवांत गोळी घ्यायच्या. आता आठ वाजले की तुम्ही समोरच मोबाईलवर तास करायला बसायचात."

"मग नंतर घ्यायची. मी पाणी आणायला जायचो, दुकानात जायचो."

"तेच तर. मी त्यांना पहिल्या दिवशी बजावलं होतं, आठ म्हणजे आठ. त्यांनी ते तसंच धरलं. वेळ टळल्यावर घेतलेली गोळी उलटते असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आठ टळले की त्या दिवसाची गोळी सोडून द्यायच्या. मी सांगितलं त्यांना, उशीर झाला तरी आठवेल तेव्हा घ्यायची, सोडायची नाही. आणि मुलाला सांगून टाका, शिकलेला आहे, समजून घेईल."

"काय म्हणाली ती?"

बाईंनी रजिस्टर मिटलं. "म्हणाल्या, आता त्याची परीक्षा हाय, आता नको. आणि जाताना दारातून मागं वळून म्हणाल्या, पोराचं कॉलेज एकदा उघडू द्या, बाई, मग माझी एक बी गोळी चुकायची न्हाई."